खेळाडू लपवायचे दिवस

विजयाकाकूंचं नाव आधी लिहून टाकतो. पुढे मी कुठे भरकटेन याचा नेम नाही. शाळा नववीत सुटली, त्यामुळे विषय सोडून गेलेलं वाक्य परत कसं आणायचं ते शिकायचं राहूनच गेलं. पण काकूंचं सांगायचं राहिलं असं व्हायला नको.

काकू मूळच्या नागपूरच्या, पण निम्मी हयात इथं, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये गेली. लहान मुलांच्या डॉक्टर होत्या. आता रिटायर झाल्यात, म्हणजे लहान मुलांऐवजी मोठ्यांना दटावतात. मी कोल्हापूरचा. माझी बायको सुनीता मिरजेत नर्स होती, तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि तिच्या सामानाबरोबर मीही आलो. पहिला हिवाळा मी घरात बसून काढला. दाराची बेल वाजली की टीव्ही बंद करायचा आणि श्वास रोखून बसायचं. बाहेर कोण असेल, इंग्रजीत काय विचारेल, आणि मी घाबरून 'यस' म्हणालो तर ते नक्की कशाला म्हटलेलं असेल, हीच काळजी. पुढे इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आमटी खाली लागली तेव्हा मी तिथं उगाच उभा होतो. कुणाला ढवळू दिलं नाही, वरची आमटी अलगद दुसऱ्या पातेल्यात काढून घेतली, एवढंच. काकूंनी ते पाहिलं आणि मला धरलं ते धरलंच. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या मराठी माणसांसाठी त्या दर रविवारी घरी स्वयंपाक करून डबे पोचवत असत. तो स्वयंपाक माझ्याकडे आला. चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये मला गाडी त्यांनीच शिकवली. "बाळू, तू ब्रेक दाबून राहिला का घरची आठवण काढून राहिला?" असं विचारत शिकवली. आणि एक दिवस मला गाडीत घालून फुटबॉल क्लबच्या स्वयंपाकघरात नेऊन उभं केलं. तिथला मुख्य केविन हा त्यांचा जुना पेशंट. काकू वाटेत म्हणाल्या, "त्याची सगळी इंजेक्शनं मी दिली आहेत. तो मला नाही म्हणत नाही, अजून घाबरतो." मला खोटं वाटलं होतं. दारातून उंचापुरा, दाढीवाला केविन आला आणि काकूंना बघून त्याने दंड चोळला.

तेव्हापासून मी तिथं आहे. क्लबचं नाव नको. फार मोठा क्लब नाही, पण खेळाडूंना पगार आहे, मैदानाला दिवे आहेत, आणि सराव झाल्यावर सगळ्यांनी एकत्र जेवायची पद्धत आहे. इथं फुटबॉल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हातात धरून पळायचा खेळ येतो. आमचा तो पायाने खेळायचा.

आता जुलै सरत आलाय. मैदानामागच्या झाडांवर सिकाडा नावाचे किडे ओरडायला लागलेत. कुणीतरी मिक्सर सुरू करून गावाला निघून गेल्यासारखा दिवसभर आवाज. रस्त्याच्या कडेला कणसांचे स्टॉल लागलेत, दुपारी अंगाला शर्ट चिकटतो, संध्याकाळी आभाळ फाटल्यासारखं कोसळतं आणि कापलेल्या गवताचा वास थेट माझ्या भाताच्या कुकरपर्यंत येतो. आणि या सगळ्याबरोबर क्लबात कुजबुज येते. खेळाडू ताटाशेजारी फोन पालथा ठेवायला लागले की समजायचं, विंडो उघडली. खेळाडूंनी एका क्लबातून दुसऱ्या क्लबात जायचे हे नेमून दिलेले दिवस. ठरलेल्या तारखेला विंडो बंद होते, मग ज्याचा तो. तोवर आमचे कोच पास्ता चिवडत बसतात आणि आमच्या 'दहा नंबर'च्या, म्हणजे टीमच्या हुकमी खेळाडूच्या जर्सीकडे, लग्नाला आलेल्या मुलीकडे बघावं तसं बघतात.

चांगला खेळाडू क्लबाला टिकवता का येत नाही, यावर इथं टीव्हीवर कोट घातलेली माणसं तासनतास बोलतात. करार, एजंट, मोठ्या क्लबांचा पैसा. मला त्यातलं निम्मं कळत नाही आणि उरलेलं निम्मं आधीच माहीत आहे, कारण मी कोल्हापूरचा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडे पेठेपेठेतल्या तालमींच्या फुटबॉल टीम असतात. त्या पेठेत जन्मलेलं मूल आधी आईला ओळखतं, मग तालमीच्या जर्सीचा रंग, वडिलांचा नंबर नंतर. दिवाळी झाली की खेळाडूंची नोंदणी सुरू व्हायची, आणि त्या दिवसांत आमच्या तालमीची एक पद्धत होती. चांगला खेळाडू लपवायचा. दुसऱ्या पेठेने पळवू नये म्हणून नोंदणी होईपर्यंत त्याला गावाबाहेर नेऊन ठेवायचं, खायला-प्यायला घालायचं, आणि दारात माणूस बसवायचा. शाळा सोडल्यावर मी तालमीचा स्वयंपाक करायचो, त्यामुळे लपवलेल्या खेळाडूबरोबर माझी रवानगी ठरलेली.

एका वर्षी आमचा स्ट्रायकर होता, त्याला सगळे बुलेट म्हणायचे. त्याला नदीकाठच्या एका गुऱ्हाळावर ठेवला. थंडी पडलेली, काहिलीतून वाफ चढतेय, चुलवणात पाचट धडधडतंय, हवेला इतका गोडवा की नुसता श्वास घेतला तरी भूक मरावी. बुलेटची मेली नाही. तो सकाळी काकवी-भाकरी, दुपारी मटण, संध्याकाळी गरम गूळ असा चालला होता. तालमीचे वस्ताद रोज येऊन त्याच्याकडे बघायचे आणि समाधानाने म्हणायचे, पोरगं खूश आहे. पोरगं खूश होतं, पण त्याला शॉर्ट्स होईना. आणि नोंदणीच्या आदल्या दिवशी ऊस टाकून परत चाललेल्या ट्रॉलीत, पाचटाखाली झोपून, बुलेट दुसऱ्या पेठेत गेला. कुणी पळवला नाही. आपला आपण गेला. त्याचं लग्न ठरावं असं त्याला जिथं वाटत होतं ते घर त्या पेठेत होतं. त्या मोसमात तो आमच्यावरच गोल मारायचा. पोट आमचं, गोल त्यांचे. वस्ताद पुढे बरेच दिवस म्हणत होते, मटणात काय कमी पडलं रे बाळू?

त्यांचं चुकत होतं असं मला तेव्हा वाटलं नाही. मलाही वाटलं, रस्सा आणखी झणझणीत हवा होता.

इकडे आल्यावर दिसलं की हा ताप सगळ्यांनाच आहे. शिकागोतल्या डेव्हन ॲव्हेन्यूवर मिठाईची दोन दुकानं समोरासमोर आहेत. दिवाळी जवळ आली की या दुकानाचा जिलेबीवाला रस्ता ओलांडून त्या दुकानात जातो आणि पुढच्या दिवाळीला परत येतो. त्याची जिलेबी तीच, फक्त रस्त्याची बाजू बदलते, आणि दोन्ही मालक त्याच्याशी हसून आणि एकमेकांशी तोंड वाकडं करून बोलतात. मंडळात नाटकातला हिरो दुसऱ्या मंडळाने नेला तर ई-मेलवर युद्ध होतं. हे लिहिणारी पोरं सगळी सॉफ्टवेअरमधली. त्यातला निम्मा वर्ग दोन-दोन वर्षांनी कंपनी बदलतो. एक जण आमच्याकडे जेवायला आला होता, क्युपर्टिनोला नवीन जॉब घेतला म्हणून पेढे घेऊन. त्याच जेवणात तो आमच्या क्लबच्या सोडून गेलेल्या गोलकीपरला गद्दार म्हणाला. सुनीताने त्याला वाढता वाढता विचारलं, "मग तुला काय म्हणायचं?" तो म्हणाला, "वहिनी, माझं करिअर मूव्ह आहे यार." तिने त्याला आणखी एक पोळी वाढली. मी पेढा खाल्ला.

पण मला सांगायचाय तो उन्हाळा मातेओचा.

मातेओ आमचा दहा नंबर होता. होंडुरासचा, शिडशिडीत, बॉल पायाला बांधल्यासारखा. त्याचं इंग्रजी माझ्यासारखंच, त्यामुळे आमचं छान जमायचं. आम्ही दोघंही क्रियापद गाळून बोलायचो आणि दोघांनाही सगळं कळायचं. पांढरा रस्सा त्याला फार आवडायचा. एकदा क्लबच्या आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं की या व्हाइट सूपमध्ये काय काय आहे, आणि मी अभिमानाने खसखस म्हणून सांगितलं. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, व्हिसा गेला. खसखशीमुळे खेळाडूंच्या डोपिंग तपासणीत अफूसारखं भलतंच निघू शकतं म्हणे. आमच्या अख्ख्या पेठेची तपासणी केली असती तर काय निघालं असतं देव जाणे. तेव्हापासून पांढऱ्या रश्शात काजू.

त्या जुलैत मातेओचा फोन पालथा पडायला लागला. टेक्ससमधल्या एका मोठ्या क्लबाला तो हवा होता. कोच जेवेनासे झाले. आणि एका दुपारी केविनने मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं की मातेओ गेला तर टीम हरणार, लोक यायचे बंद होणार, आणि पहिली कात्री आपल्या स्वयंपाकघराला लागणार. बाहेरून खोक्यात जेवण मागवतील. तो स्वतः दुसरीकडे बोलणी करत होता. माझं काय, हे त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

माझं काय, हे मी घरी येईपर्यंत सगळं ठरवून टाकलं होतं. नोकरी जाणार. नववी नापास माणसाला दुसरी कोण देणार. सुनीता डबल शिफ्ट करणार, तिचे पाय सुजणार, मी परत बेल वाजली की श्वास रोखणार. काळजी करायला मला शिकवणीची गरज लागत नाही, त्यात मी पहिल्यापासून हुशार.

आणि मग मला सुचलं. खेळाडू जाऊ नये म्हणून काय करतात, हे या अख्ख्या क्लबात एकट्या मलाच माहीत होतं.

काकूंच्या घराला मोठं बेसमेंट आहे. मंडळाचं मखर, कॅरम, वापरात नसलेली ट्रेडमिल, सोफा. आणि तिथं फोनला रेंज येत नाही. काकूंकडे कार्यक्रम असला की पुरुषमंडळी बेसमेंटमधून हात उंच करून जिना चढताना दिसतात. विंडो बंद होणार त्या दिवशी टीमला सुट्टी होती. मी मातेओला म्हटलं, डोकं शांत ठेवायला ये, घरचं जेवण आहे. तो फोनला इतका कंटाळला होता की लगेच हो म्हणाला. काकूंना म्हटलं, पोरगं एकटं आहे, जरा तुमच्याकडे आणतो. काकू म्हणाल्या, विचारतोस काय.

मी गाडी चालवत होतो. बाजूला दहा नंबर बसलाय, पाठीमागे मटण. वस्ताद असते तर त्यांचा ऊर भरून आला असता.

मातेओला खाली सोफ्यावर बसवला, कॅरम मांडून दिला, सरबत दिलं. संध्याकाळी विंडो बंद होईपर्यंत वेळ काढायचा होता. मी वर येऊन रस्सा टाकला. मटण शिजतंय, खोबरं भाजतोय, आणि कान खाली. काकू खाली गेल्या. मला बरं वाटलं, म्हणजे पहाऱ्याला माणूस झाला. थोड्या वेळाने दोघांचं बोलणं ऐकू यायला लागलं आणि मी चमकलो. काकू स्पॅनिश बोलत होत्या. एवढ्या वर्षांत ते मला माहीतच नव्हतं. शिकागोत बाळं तपासायची म्हणजे त्यांच्या आयांशी बोलावं लागतं, तिथं शिकलेली. मला त्यातला 'ममा' हा एकच शब्द कळत होता. तो सारखा येत होता. मी समजलो, आईच्या हातच्या जेवणाच्या गप्पा चालल्यात. म्हटलं, चालू देत. मग काकू वर आल्या, कपाटातून काकांचा इस्त्रीचा पांढरा शर्ट काढला. काका जाऊन बरीच वर्षं झाली, पण शर्ट त्यांनी ठेवलेत. मला वाटलं, सरबत सांडलं असेल. मग वाटीत दही घेतलं, त्यावर साखर घातली. मला वाटलं, पोराला तिखटाची भीती वाटत असेल. माणूस किती गाढव असू शकतो याचा अंदाज मला त्या दुपारी आला.

टाळी वाजल्यासारखा आवाज झाला म्हणून मी पळीसकट खाली गेलो. मातेओ काकांच्या शर्टात, भांग पाडून, काकूंच्या लॅपटॉपसमोर बसला होता. पडद्यावर टेक्ससच्या क्लबातली कोट घातलेली तीन माणसं हसत होती. शर्टाखाली चड्डी तीच, सरावाची. काकूंनी त्याच्या तळहातावर दही-साखर ठेवली आणि त्याने ती प्रसादासारखी खाल्ली.

रेंज नव्हती, पण वायफाय होतं. काकूंच्या मुलाने नुकतंच बसवून दिलं होतं. मातेओने पासवर्ड मागितला आणि पाहुण्याला नाही कसं म्हणायचं.

मातेओने मला मिठी मारली. म्हणाला, बालू, ममा तिथं. एवढंच, नेहमीसारखं क्रियापद गाळून. मग काकूंनी नीट सांगितलं. त्याची आई टेक्ससला असते, धाकट्या बहिणीबरोबर, लोकांची घरं साफ करते. तो इथं आला तेव्हापासून आईला फक्त फोनवर बघत होता. नवा क्लब तिच्या घरापासून बसच्या अंतरावर. जावं की नाही, हे त्याचं ठरत नव्हतं, कारण इथल्या लोकांना वाईट वाटेल.

"मी काही केलं नाही," काकू म्हणाल्या. "आई कुठे असते रे तुझी, एवढंच विचारलं."

हा प्रश्न आपल्याकडच्या कुठल्याही बाईने पाहुण्याला चपला काढायच्या आत विचारला असता. आमच्या क्लबात त्याच्या प्रत्येक पासचा व्हिडिओ होता. तो किती पळतो, किती झोपतो, किती प्रथिनं खातो, सगळ्याला माणसं नेमलेली. मी त्याला रोज वाढत होतो. आई कुठे असते, हे आमच्यातल्या कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही. मी रस्सा आणखी हवा का, हे विचारत होतो.

माझा चेहरा बघून काकूंनी मला वर नेलं आणि काय झालं ते विचारलं. मी सगळं सांगितलं. नोकरी, खोकी, सुनीताचे पाय, आणि शेवटी, हळू आवाजात, लपवायचं. काकूंना आधी कळेना. मग कळलं.

"म्हणजे तू त्याला माझ्या घरी कोंडायला आणलं होतं?"

"कोंडायला नाही काकू. ठेवायला."

त्या ओट्याला धरून हसल्या. हसता हसता त्यांनी गॅस बारीक केला, कारण रस्सा उतू चालला होता. मग स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "बाळू, तू क्लबात गेल्यापासून माझ्या रविवारच्या स्वयंपाकाला माणूस नाही. तुला माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. म्हणजे मी जात नाही हे माहीत होतं, रविवारी सामने असतात. पण दुसरं कुणी आलं असेल असं मी धरून चाललो होतो. त्या एकट्याच करत होत्या, दुखऱ्या गुडघ्यांनी, जमेल तेवढे डबे. माझ्यासारखा तयार माणूस त्यांनाही सोडायचा नव्हताच. तरी गाडी त्यांनीच काढली होती, केविनपुढे त्यांनीच उभं केलं होतं.

"मग मला का नेलं तुम्ही?"

"तू खुशीत वांगी चिरायचा आणि खिडकीतून रस्त्याकडे बघत राहायचा. किती दिवस बघू देणार होते मी?"

मी कांदा चिरायला घेतला. कांद्याचा तेवढा एक उपयोग आहे.

मातेओ गेला. पुढचे सामने आम्ही हरलो, तेही अशा फरकाने की स्कोअर विचारणाऱ्याला मी हवामान सांगायचो. मी दररोज स्वयंपाकघराच्या दाराला नोटीस लागली का ते बघत आत शिरायचो. नोटीस लागली नाही. एक दिवस ट्रक आला आणि त्यातून नवीन फ्रीज उतरला, मागून मोठं स्टीमर. केविन लाजत लाजत म्हणाला, मातेओचे पैसे आले. मालक केव्हापासून त्याला विकायला टपले होते, टेक्ससवाल्यांशी त्यांचं आधीच ठरलेलं होतं, फक्त पोरगं हो म्हणायचं बाकी होतं. आमचा क्लब असाच चालतो. कुणीतरी कोवळं पोर आणायचं, त्याला घडवायचं, आणि तो मोठा झाला की त्याच्या जाण्यावर पुढच्या चार जणांची जेवणं चालवायची. कोच रडणार, लोक जर्सी जाळायच्या गोष्टी करणार, आणि मालक गुपचूप स्टीमर घेणार. मी ज्याला मटण घालून अडवायला निघालो होतो, तो गेला म्हणून माझी नोकरी राहिली. अडवण्यात मला यश आलं असतं, तर मीच माझ्या पोटावर पाय दिला असता. बुलेटचे वस्ताद कोल्हापुरात आहेत, त्यांना हे फोनवर समजावून सांगायचा मी प्रयत्न केला. ते म्हणाले, ते राहू दे, मटण कुठलं वापरलंस?

यंदाचा दहा नंबर आयोवाचा आहे, एकोणीस वर्षांचा, लाल गालांचा. त्याचाही फोन पालथा पडायला लागलाय. काल मी त्याला वाढताना विचारलं, आई कुठे असते. तो म्हणाला, शेतावर, आणि पुढे बराच वेळ गाईंबद्दल बोलत राहिला. जेवण गार झालं. मी गरम करून दिलं. जाईल तोही. कोच त्याच्याकडे बघत पास्ता चिवडत होते, मी त्यांनाही गरम करून दिला.

रविवारी सामने असतात, ते काही बदलत नाही. पण सामना संध्याकाळचा असला की मी सकाळी काकूंकडे जातो, भाजी टाकतो, डबे भरतो आणि पळतो. हे काही फेडणं नव्हे, उलट जाताना माझ्याच हातात काकू डबा देतात. फेडायचं आहे ते वेगळं. काकू, एक दिवस तुमच्या रविवारच्या स्वयंपाकाला मी माणूस आणून देईन. असाच कुणीतरी, बेल वाजली की घाबरणारा. त्याला आमटी शिकवेन, डब्यांचे पत्ते शिकवेन, चर्चच्या पार्किंगमध्ये गाडी शिकवेन. आणि तो पुरता तयार झाला, तुमच्या हाताला त्याची सवय झाली, की वांगी चिरता चिरता तो खिडकीबाहेर बघायला लागेल. त्या दिवशी गाडी मी काढेन. त्याला जिथं जायचं असेल तिथं सोडून येईन, आणि परत येताना पुढच्याला घेऊन येईन.